फितूर घर

सेनापतींनी चिमट्याने तोफ उचलली, श्वास रोखला आणि ती पुलाच्या कठड्यामागे अलगद टेकवली. तोफ करंगळीच्या नखाएवढी होती. तरी सेनापतींच्या कपाळावरचा घाम पाहून कुणालाही वाटलं असतं, की ती बैलांनी ओढत आणली आहे आणि ऐन पुलावर त्यातला एक बैल बसला आहे.

"भावजी, जरा सरका. गावावर तुमची सावली पडतेय," मेहुणा म्हणाला.

"तू आधी ते बिस्कीट खाली ठेव. मघाचा चुरा बाजारपेठेत पडलाय. माणसं दबली असतील."

"लगेच मदतकार्य सुरू करतो," असं म्हणून मेहुण्याने बोट ओलं केलं, बाजारपेठेतला चुरा टिपला आणि खाऊन टाकला.

जेवणाच्या टेबलावर प्लायवूडची मोठी फळी टाकलेली होती आणि फळीवर त्यांचं स्वतःचंच गाव वसलेलं होतं. नदी, पूल, शाळा, पाण्याची टाकी, बाजार आणि एकशे अठरा घरं. सेनापती नोंदणी कार्यालयात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते. कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत किती बोटं शिरली आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यामुळे गाव अगदी नकाशाबरहुकूम झालं होतं. प्रत्येक घराच्या तळाला त्याचा खरा नंबर होता. झाडं मात्र भांडी घासायच्या स्पंजाची होती. गावात राई वाढली की स्वयंपाकघरातले स्पंज कमी होत.

त्यांच्या आजोबांच्या काळातल्या मोठ्या युद्धात शत्रूची जहाजं किनाऱ्यापर्यंत आली होती आणि वादळ पाहून परत फिरली होती. इतिहासात एवढंच घडलं. फळीवर ते वादळ झालंच नाही. जहाजं लागली, शत्रू उतरला, मजल दरमजल करत नदीच्या पलीकडे येऊन ठेपला. हे संकट गावावर अकरा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीन वाजता येत असे. साडेतीनला चहा असे.

गावाच्या बाजूने सेनापती आणि त्यांचा मेहुणा. शत्रूच्या बाजूने दातांचे डॉक्टर आणि घड्याळजी. डॉक्टर दाढ काढावी तशा निर्विकारपणे पलटणी उचलून बाजूला ठेवत. घड्याळजी बोलत कमी. फळीवरचे सगळे सैनिक, दोन्ही बाजूंचे, त्यांनीच डोळ्याला भिंग लावून रंगवले होते. प्रत्येकाच्या कोटाला बटणं होती. बटणं मोजायचा प्रयत्न मेहुण्याने एकदा केला होता. मग दोन दिवस त्याचं डोकं दुखत होतं.

"चला, चिठ्ठ्या," सेनापती म्हणाले.

हा नियम त्यांचा स्वतःचा. गाव पडतं ते आतून, असं त्यांचं ठाम मत होतं. खेळाआधी चौघांनी एकेका चिठ्ठीवर नंबर लिहायचा: शत्रू आला तर गावातलं कुठलं घर त्याला दार उघडून देईल? चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. सेनापतींची बायको डोळे मिटून एक काढायची. ते त्या दिवसाचं फितूर घर. चौथ्या डावाला शत्रूचे दहा सैनिक त्या घरातून थेट गावात उतरू शकत. उरलेल्या तीन चिठ्ठ्या न वाचता फाडायच्या. कुणी कुणाचं घर लिहिलं हे कुणाला कळता कामा नये, नाहीतर गावात राहणं कठीण होईल, असं सेनापती म्हणत आणि सगळे हसत.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. पदराला पुसलेला हात त्यांनी डब्यात घातला, डोळे मिटले, आणि नेहमीसारखं विचारलं, "कुणाची खोड मोडायची आज?"

चिठ्ठी उघडली. वाचली. मग चष्मा वर करून पुन्हा वाचली.

"सत्तावीस," त्या म्हणाल्या. "अहो, हे तर आपलं घर."

मेहुण्याने टाळी वाजवली. डॉक्टरांनी खोकल्याचा आव आणला. सेनापतींनी फळीवर पाहिलं. चिंचोळ्या रस्त्याच्या वळणावर सत्तावीस नंबरचं लहानसं घर उभं होतं. हिरव्या दाराचं, गच्चीवर कपडे वाळत टाकलेलं. कपडे घड्याळजींनी सिगारेटच्या चांदीच्या कागदाचे केले होते.

"छान," सेनापती म्हणाले. आवाज छान नव्हता. "कुणी लिहिलं?"

"भावजी, असं विचारायचं नसतं. तुमचाच नियम."

"विचारत नाही. सहज बोललो." दोन तोफा सरळ होत्या, त्या त्यांनी पुन्हा सरळ केल्या. "म्हणजे ज्या घरात अकरा वर्षं गावाच्या रक्षणाचे बेत आखले जातात, तेच फितूर. विनोद म्हणून ठीक आहे. तूच ना रे?"

"मी कशाला? माझी ताई राहते तिथे."

"मग डॉक्टर."

"मी रुग्णांची आणि चिठ्ठ्यांची माहिती बाहेर देत नाही," डॉक्टर म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तर चहा वेळेवर झाला असता. पण सेनापतींच्या कानशिलाजवळची शीर उडायला लागली होती, आणि ती उडायला लागली की नोंदणी कार्यालयातले शिपाईसुद्धा फायली घेऊन दुसऱ्या मजल्यावर जात. त्यांनी डबा उचलला आणि फळीच्या कडेला उपडा केला. तीन चिठ्ठ्या नदीकाठी पडल्या.

"बघू तरी. इतरांनी काय लिहिलंय ते बघू. कोण एकटा पडतो ते कळेल आपोआप."

"अहो, फाडा त्या," बायको म्हणाली.

त्यांनी पहिली उलगडली. सत्तावीस.

मेहुणा हसायला लागला. त्यांनी दुसरी उलगडली. तिच्यावर बारीक, टोकदार पेन्सिलीने लिहिलेलं होतं: सत्तावीस. मेहुण्याचं हसू अर्ध्यावर थांबलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं. डॉक्टर समोर असल्याने ते जरा जास्तच उघडं दिसलं.

सेनापती खुर्चीत बसले. खुर्ची मागे होती म्हणून बरं. त्यांनी पाहिली नव्हती.

"तिघांनीही?" ते म्हणाले. "ठरवून?"

"शप्पथ नाही," मेहुणा म्हणाला. "मला तर वाटलं मी एकटाच."

"म्हणजे तू लिहिलंस."

"लिहिलं. आता सगळं बाहेर पडलंच आहे तर."

"का?"

मेहुण्याने मदतीसाठी ताईकडे पाहिलं. ताईने मदत केली नाही. तिलाही ऐकायचं होतं.

"हे बघा भावजी, राग मानू नका. शत्रू आला, ताईच्या कपाळाला बंदूक लावली आणि म्हणाला, दार उघड. तर तुम्ही काय करणार? गाव गेलं खड्ड्यात, दार उघडणार. नसतं उघडलं तर मी तुमच्याकडे चहाला आलो नसतो."

सेनापतींना यावर रागवायचं होतं, पण कुठून धरावं ते समजेना. त्यांनी मान डॉक्टरांकडे वळवली.

"माझं कारण इतकं हळवं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही शिक्क्याचे माणूस. शत्रू बंदूक घेऊन आला तर तुम्ही लढाल, माझी खात्री आहे. पण तो शिक्का मारलेला कागद घेऊन आला, तर तुम्ही उठून उभे राहाल. फार तर विचाराल, तीन प्रती आणल्यात का म्हणून."

"मी?"

"जुनं वाचनालय पाडायचा कागद आला तेव्हा तुम्ही स्वतः पायरीवर उभं राहून हद्द मोजून दिलीत. आदल्या दिवशी तिथेच बसून पेपर वाचला होतात."

"तो कायदेशीर आदेश होता!"

"तेच म्हणतोय मी."

वहिनी ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होत्या. त्या हसत होत्या की नाही हे सेनापतींनी न बघणंच पसंत केलं. छत्तीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी त्यांनी अशाच सांभाळल्या होत्या. फळीवरचं गाव वाचवताना आपण कसे दिसत असू, याचं एक चित्र त्यांच्या मनात होतं. पुलाच्या तोंडाशी उभा असलेला, शेवटचा माणूस. आणि हे तिघे त्या माणसाकडे बघून दर महिन्याला बिस्किटं खात होते.

"आणि तुम्ही?" ते घड्याळजींना म्हणाले. "तुम्हाला काय दिसलं माझ्यात? तेही सांगून टाका, म्हणजे मोकळे झालो."

घड्याळजी नदीकाठी उरलेल्या शेवटच्या चिठ्ठीकडे बघत होते.

"ही राहिली," ते म्हणाले.

सेनापतींनी उपड्या डब्याकडे पाहिलं.

रागाच्या भरात डबा उपडा करताना त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, की चार माणसांच्या चार चिठ्ठ्यांत एक आपलीही असते. साधा हिशेब. कार्यालयात असा गलथानपणा कुणी केला असता तर त्यांनी त्याला आठवडाभर बोलून दाखवलं असतं.

"ती माझी," ते घाईने म्हणाले. "ती वाचायचं काही कारण नाही."

"आमच्या वाचल्या की," मेहुणा म्हणाला. तो बिचारा वातावरण हलकं करायला बघत होता. "आता तुमचीही होऊन जाऊ दे. बघू, सेनापतींचा कुणावर डोळा आहे! पाठवा इकडे."

सेनापतींनी हात पुढे केला. पण नाजूक वस्तू उचलण्यात घड्याळजींच्या बोटांशी गावात कुणाची बरोबरी नव्हती. चिठ्ठी त्यांच्या हातात होती. त्यांनी घडी उलगडली, पाहिली, आणि सवयीने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. आकडा चांगला ठळक होता तरी.

"चौसष्ट," ते म्हणाले.

कुणाला फळीवर शोधावं लागलं नाही. चौसष्ट म्हणजे घड्याळजींचं घर. खाली दुकान, वर दोन खोल्या.

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. तेही घड्याळजींनीच दुरुस्त केलेलं.

"चौसष्ट बऱ्याचदा निघतं," घड्याळजी म्हणाले. भिंग अजून डोळ्यालाच होतं. "चौतीस वेळा निघालंय. मी मोजतो. मला वाटायचं, डॉक्टर चेष्टा करतात. मी दाढ काढू देत नाही म्हणून."

"मी कधीच नाही लिहिलं," डॉक्टर हळूच म्हणाले.

"मीही नाही," मेहुणा म्हणाला.

"हो. आता कळलं."

सेनापतींनी तोंड उघडलं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि पटकन बोलायला हवं होतं. अकरा वर्षं दर महिन्याला त्यांनी तो आकडा लिहिला होता आणि लिहिताना एकदाही हात थांबला नव्हता. सही करावी तसा. का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारलं, आणि उत्तर इतक्या तत्परतेने पुढे आलं, की ते दाराआडच उभं असावं. ते उत्तर पाहून सेनापती दचकले. तो इथला नाही ना, एवढंच ते होतं. एकतीस वर्षं गावातली घड्याळं वेळेवर ठेवणारा माणूस, आणि तो इथला नाही ना.

"पुलाजवळ आहे म्हणून," ते म्हणाले. "डावपेचाच्या दृष्टीने, म्हणजे... शत्रू पूल ओलांडून आला की पहिलं घर तेच. दुसरं काही नाही."

सगळ्यांनी फळीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. पुलाजवळ पिठाची गिरणी होती. तिच्यामागे सुताराचा कारखाना, मग शाळा. चौसष्ट नंबर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, टाकीपाशी होता. सेनापतींनी स्वतः टेप लावून, पाव इंचाचीही चूक न करता तो तिथे बसवला होता. गाव कुणाचीही बाजू घेत नव्हतं.

मेहुण्याने बिस्कीट बशीत ठेवलं. हे त्याने पहिल्यांदाच आपणहून केलं.

"घड्याळजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आमचं का लिहिलंत ते राहिलं."

"राहू द्या, वहिनी."

"नाही, सांगा. ह्यांना नको असेल, मला हवंय."

घड्याळजींनी भिंग काढून रुमालात गुंडाळलं. ते सांगायला लागले तेव्हा आवाजात तक्रार नव्हती. घड्याळात काय बिघडलं होतं ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत होते.

"मी आलो तेव्हा एक ट्रंक होती आणि हत्यारांची पेटी. खोली हवी होती. या रस्त्यावर वरच्या टोकापासून बेल वाजवत निघालो. लोक दार किलकिलं करायचे. मी बोललो की ऐकायचे. बोलणं ऐकलं की खोली आत्ताच गेलेली असायची. बरीच घरं झाली. मग हे घर. ह्यांनी दार उघडलं," त्यांनी सेनापतींकडे हात केला, "आणि मी तोंड उघडायच्या आधी ट्रंकेची एक कडी धरली. म्हणाले, आधी आत तर या, उन्हात काय बोलता. नाव नंतर विचारलं. दुसऱ्या दिवशी बहुतेक."

"मागची खोली," वहिनी म्हणाल्या. "चार महिने होतात."

"पाच. तर मी विचार केला, गावात कुणीही आला, कुणीही, तर दार उघडणारं घर एकच आहे. दर वेळी तेच लिहितो. मला ते फितुरीचं वाटलं नाही कधी. पण नियमात दुसरा रकाना नव्हता."

सेनापतींना तो दिवस आठवत नव्हता. ट्रंक आठवत होती. अंधुकशी, निळी की हिरवी. कडी धरलेली आठवत नव्हती. आयुष्यात आपण केलेली एवढी चांगली गोष्ट, आणि आपल्याकडे तिची नोंदच नाही. नोंदणी खात्यातल्या माणसाकडे. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. फळी हलली, आणि शाळेजवळची दोन झाडं पडली.

"खेळायचंय ना?" घड्याळजी म्हणाले.

"आज राहू दे," डॉक्टर म्हणाले.

"मांडलंय सगळं. खेळू या."

आणि ते खरोखर खेळले. कारण उठून जाण्यापेक्षा ते सोपं होतं. पहिले तीन डाव कुणी विनोद केला नाही. फाशांचा आवाज तेवढा होत होता. चहा आला, प्यायला गेला, कसा झाला होता ते कुणालाच सांगता आलं नसतं. मेहुण्याने दोनदा स्वतःच्याच सैन्यावर नेम धरला.

चौथा डाव आला. घड्याळजींची पाळी.

"घ्या," डॉक्टर कुजबुजले. "सत्तावीसचं दार. दहा माणसं आत टाका, मागून पूल आपलाच."

घड्याळजींनी दहा सैनिक तळहातावर घेतले. सेनापतींच्या नजरेसमोरून तो तळहात सत्तावीस नंबरवरून पुढे गेला, बाजारावरून गेला, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर, पुलाच्या तोंडाशी येऊन थांबला. एकेक करून दहाही जण त्यांनी पुलावर मांडले. उघड्यावर. तोफांच्या समोर.

"अहो, काय करताय!" डॉक्टर म्हणाले. "दार उघडंय तिकडे. नियम आहे!"

"नियम म्हणतो, जाता येईल. जावंच लागेल असं नाही. बरोबर ना?"

प्रश्न सेनापतींना होता. नियम त्यांनी लिहिलेला होता.

"बरोबर," सेनापती म्हणाले.

"मग मारा."

तोफांचे दहा फासे. चार किंवा त्याहून जास्त पडलं की एक सैनिक गेला. सेनापतींनी फासे हातात घेतले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मनोमन विनवलं, की नेम चुकू दे. मूठ उगाच खूप वेळ हलवली. मग सोडली. फासे फळीवरून घरंगळले, गिरणीला आपटले आणि थांबले. पाच, सहा, चार, सहा, सहा, पाच. पुढे मोजायची गरज नव्हती, पण नियमाप्रमाणे आकडा मोठ्याने सांगावा लागे.

"दहा," ते म्हणाले.

"सगळे?"

"सगळे."

एवढे चांगले फासे त्यांना आजवर कधीच पडले नव्हते. गाव वाचलं. चार वर्षांनी वाचलं. एरवी अशा वेळी सेनापती उभे राहून सर्वांशी हस्तांदोलन करत आणि मेहुणा तोंडाने बिगूल वाजवत असे. आज मेहुणा चहाचे कप गोळा करून आत घेऊन गेला, जे त्याने बहिणीच्या लग्नापासून आजवर केलं नव्हतं.

घड्याळजींनी आपले दहा सैनिक एकेक करून पुलावरून उचलले, फुंकर मारली आणि कापूस घातलेल्या पेटीत निजवले. पेटी नेहमीप्रमाणे कपाटात ठेवली. सेनापती ते बघत होते. पेटी कपाटातच गेली, घरी नेली नाही, याची त्यांनी मनात नोंद केली.

व्हरांड्यात घड्याळजी बाकावर बसून बूट चढवू लागले. सेनापती त्यांच्या मागोमाग आले होते आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"मला ते आठवत नाही हो," शेवटी ते म्हणाले. "ट्रंकेचं."

"नसेल. तुमच्या दृष्टीने काही विशेष नव्हतं ते." घड्याळजींनी एका बुटाची नाडी ओढून घेतली. "एक विचारायचं होतं. पुढच्या वेळी बाजू बदलू या का? अकरा वर्षं मी पलीकडूनच येतोय. एकदा गावाकडून खेळावं म्हणतो. पुलावर."

बाजू कुणी ठरवल्या होत्या? सेनापतींनी आठवून पाहिलं. चिठ्ठ्या टाकून ठरवल्या नव्हत्या. पहिल्या रविवारी त्यांनीच पेट्या वाटल्या होत्या. ही आमची, ही तुमची. कुणी काही म्हटलं नव्हतं. आणि पुलावर तर ते स्वतः उभे असत. ती जागा त्यांची होती.

घड्याळजींनी एका बुटाची गाठ मारली. दुसरा बूट पायात घातला, टाच नीट बसवली, नाडी दोन्ही बाजूंनी सारखी करून घेतली.

"हो," सेनापती म्हणाले. "हो, हो. खेळा की."

पण हे 'हो' येईपर्यंत दुसरीही गाठ बांधून झाली होती.